ओल्या डेंटिनवर कंपोझिटची पकड

नमस्कार श्रोतेहो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, आपल्या इंदूरच्या कुठल्याही भागातून येणाऱ्या मराठी मंडळींची मागणी हल्ली बहुधा एकच असते: "डॉक्टर, चांदी नको, दाताच्या रंगाचाच मसाला भरा." मागणी योग्य आहे. चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा कोरावा लागतो, त्यात धडधाकट दातही थोडा जातो. कंपोझिट रेझिन, म्हणजे हा दाताच्या रंगाचा मसाला, चिकटवता येतं, त्यामुळे किडलेला भाग काढला की भागतं. पण ते चिकटतं कशाला आणि कसं, हे तुम्हाला माहीत असावं असं मला फार वाटतं, कारण फिलिंगचं आयुष्य बरंचसं तिथेच ठरतं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. 1955 साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत केलं आणि त्यावर रेझिन घट्ट बसतं हे दाखवून दिलं. इनॅमलपुरता प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला.

त्याच्या आतल्या थराचा, म्हणजे डेंटिनचा, मात्र अनेक वर्षं सुटला नाही. त्यात खनिज फक्त 70 टक्क्यांच्या आसपास, बाकी मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. त्यातून अतिसूक्ष्म नळ्या जातात. नसेजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 45,000. त्या नळ्यांतला द्रव सतत बाहेरच्या दिशेने झिरपत असतो, आणि रेझिनला पाणी मानवत नाही. म्हणून कीड जितकी खोल, तितकी जागा ओली आणि पकड अवघड. दात ठणकेपर्यंत थांबू नका, असं आम्ही सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

ड्रिल फिरल्यावर डेंटिनवर भुग्याचा पातळ लेप बसतो. 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल 15 सेकंद लावून धुतलं की तो निघतो, आणि वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिजही विरघळून कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या रेझिनचा, द्रव या तंतूंच्या जाळीत शिरून तिथेच घट्ट झाला पाहिजे. तंतू आणि रेझिन यांचा हा मिश्र थर जपानच्या नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये दाखवला. त्याला हायब्रिड लेयर म्हणतात. सगळी पकड त्या थरावर अवलंबून असते.

डॉक्टरांच्या हाताचं खरं कसब इथे लागतं. हवा मारून जागा पार कोरडी केली, तर पाण्यात मोकळे तरंगणारे केस बाहेर येताच एकमेकांना चिकटावेत तसे ते तंतू आडवे होतात, आणि द्रव आत शिरत नाही. पाणी जास्त राहिलं तर रेझिन नीट घट्ट होत नाही. ओलसरपणा बेताचा ठेवायचा, द्रव चोळून लावायचा, त्यातलं द्रावक हलक्या हवेने उडवायचं, मग तो घट्ट करायला निळा दिवा. यात घाई चालत नाही. तोंडात रबराचा पडदा लावला तर थोडं सोसा, एरवी लाळेचा एक थेंबही ही मेहनत वाया घालवतो.

आता वेगळं आम्ल लावून न धुता वापरायची बाँडिंगही मिळतात. त्यांतल्या अनेकांत एमडीपी नावाचा रेणू असतो, तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. डेंटिनसाठी मला ती आवडतात. इनॅमलच्या कडांना मात्र मी अजूनही आम्ल वेगळं लावते.

कंपोझिट घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आक्रसतं आणि भिंतींपासून सुटू पाहतं. म्हणून नेहमीचं कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात. शिवाय रेझिन न पोहोचलेले तंतू डेंटिनमधलीच विकरं हळूहळू खातात, त्यामुळे पहिल्या दिवशीची पकड कायम तेवढीच राहत नाही. फिलिंगच्या चारही कडा इनॅमलवर असतील तर पाणी आत जायला वाव कमी, आणि असं फिलिंग जास्त टिकतं.

बरेच जण विचारतात, आज रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले तर चालतील का? चालतील. दिव्याखाली कंपोझिट लगेच घट्ट होतं. इंजेक्शनचा बधिरपणा तेवढा उतरू द्या, नाहीतर गाल चावला जाईल.

घरातल्या आजी-आजोबांच्या हिरड्या खाली सरकलेल्या असतात, कीड मुळाशी लागते, आणि तिथे इनॅमल नसतंच. कोरडं ठेवणंही कठीण. अशा जागी तुमच्या डॉक्टरांनी ग्लास आयोनोमर हा दुसऱ्या प्रकारचा मसाला सुचवला तर ते हलकं काम समजू नका. दिसायला ते कंपोझिटइतकं सुबक नसतं, झिजतंही लवकर. पण ते ओल सहन करतं, दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच जुळतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. मुळावरच्या किडीसाठी पुष्कळदा मी स्वतः तेच निवडते.