सहाव्या वर्षाचे मार्क शून्य

मागे ऐकू येतंय का? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'विद्यापीठात नोकरी कशी शोधावी'. सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झालेल्यांनी हात वर करा. वा! आता त्यातले सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे घेऊन शिकवणारे, किती? एकही हात खाली येत नाहीये, असू दे, दुखेल.

आधी झेरॉक्सबद्दल बोलतो, मग विषय. माझा पहिला अर्ज, विद्यापीठाचं नाव नको, त्यांना हव्या होत्या सात प्रती, प्रत्येकीला सगळ्या मार्कशीटा, सगळे पेपर, आणि पानापानावर स्वतःची सही. झेरॉक्सवाला म्हणाला, सर थीसिस का? म्हटलं थीसिस याच्या निम्मी होती. सातही सेट स्पायरल मारून खताच्या गोणीत भरले (धुतलेली होती, हसू नका) आणि शेवटच्या दिवशी एसटीने निघालो. आवकच्या खिडकीतल्या मॅडमनी आधी डीडी उलटा करून बघितला, मागे नाव आणि पद नाही. लिहिलं. मग म्हणाल्या, अनुक्रमणिका फॉर्मच्या वर लागते, तुमची खाली आहे. म्हणजे सात स्पायरल उसवायच्या! व्हरांड्यात मांडी घालून बसलो, तार वाकडी झाली की भोकात जात नाही, शिपाईमामांनी दोन सेट ओवून दिले. पाच वीसला शिक्का पडला. दीड वर्षाने वेबसाइटवर एक ओळ, जाहिरात रद्द. डीडीचे पैसे अजून यायचेत.

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं राहिली म्हणे. तर मुद्दा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या असिस्टंट प्रोफेसरसाठी शॉर्टलिस्टचा तक्ता आहे, १०० मार्कांचा. पीएचडीला ३०, नेटला ५, जेआरएफ म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसकट नेट असेल तर ७, सेटला ३. पेपरला २, जास्तीत जास्त १०. अनुभवाला वर्षाला २, तेही जास्तीत जास्त १०. करा हिशोब! सीएचबी धरलीच, तरी पाच वर्षांत खातं भरलं, सहाव्या वर्षाला तुम्ही घसा कोरडा करता त्याचे मार्क शून्य. आपण मात्र 'सर म्हणालेत, पुढच्या वर्षी जागा निघतीये' म्हणून थांबतो. मी नऊ वर्षं थांबलो. आणि पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, वर्षं याच दहा मार्कांत धरतात, हे मला आठव्या वर्षी कळलं, कारण तक्ता ओळीओळीने वाचायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. त्याच नियमांत असंही आहे की हे मार्क फक्त बोलावण्यापुरते, निवड इंटरव्ह्यूवरच.

बाकी भराभर. सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या जागा २०२३ पासून सीयू-चयन पोर्टलवर येतात, तिथे एकदा प्रोफाइल करून ठेवा. प्रोजेक्टमधल्या जागांची जाहिरात बरेचदा फक्त विभागाच्या पानावर लागते, मुदत थोडी असते. ती नोकरी प्रोजेक्टबरोबर संपते हे खरं, पण जेआरएफच्या दराने महिना ३७,००० आणि वर घरभाडं, आपल्या तासांचं बिल कधी निघतं ते तुम्हाला माहितीये. जाहिरातीत आधी विषय आणि प्रवर्गाचा रकाना बघा, आपली जागाच नसेल तर फी भरू नका.

इंटरव्ह्यूचं राहिलंच. हॉल सहाला द्यायचाय, जिन्यात विचारा.