घोडे पाच, खरारा एक

मंडळी, पत्रिकेवर 'घोड्यांचे त्वचारोग' असं छापलंय, पण मी सुरुवात खराऱ्यापासून, म्हणजे घोडा घासायच्या ब्रशपासून करणार आहे. तबेल्यात शिरलो की माझी नजर आधी खुंटीकडे जाते. घोडे पाच आणि खुंटीवर खरारा एकच.

मे महिन्यातली गोष्ट. मखमलाबादकडच्या एका तबेल्यातून फोन आला. लग्नाची पांढरीशुभ्र घोडी, आठ दिवसांत सहा वराती ठरलेल्या. तंगाखाली, म्हणजे जीन आवळायच्या पोटपट्ट्याखाली, रुपयाएवढे तीन चट्टे, केस गेलेले, वर कोंडा. मालक म्हणाले, "तंग घासला असेल, डॉक्टर." मी पोचेपर्यंत त्यांनी वर गाडीचं जळकं ऑइल चोपडलं होतं. हात जोडून सांगतो, हे करू नका! ऑइलनं कातडी भाजते, बुरशी तशीच राहते. ती गरीब घोडी अंगाला बोट लावू देईना. चट्टे गजकर्णाचे होते. तोच तंग, तीच झूल, तोच खरारा बाकीच्या चौघांना चालू होता. तीन आठवड्यांत आणखी दोघांना चट्टे उठले आणि खरारा करणाऱ्या पोराच्या मनगटावरही तसाच गोल उमटला. वराती गेल्या, ऐन हंगाम गेला.

ही बुरशी गव्हाणीच्या लाकडात, जिनाच्या कापडात कित्येक महिने तग धरते. म्हणून प्रत्येक घोड्याचं सामान वेगळं ठेवा. चट्ट्याच्या कडेचे केस तपासायला द्या. बुरशीनाशक शांपू लावून दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग धुवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

पावसाळ्यात पाठीवर खपल्या धरतात, खपली काढली की केसांचा झुबका सोबत येतो. तो जिवाणूंचा आजार. आधी जनावर कोरडं करा, ओल्या अंगावर झूल टाकू नका. घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून सोलतोय, तर चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी धरा. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला आत, पंख्याखाली बांधा. सारखे पाय आपटतोय, तर खरजेचे किडे असू शकतात, कातडी खरवडून तपासावी लागते. जखम भरतच नाही आणि आत पिवळे कणीसारखे दाणे दिसतात? त्या माश्यांनी आणलेल्या जंतांच्या अळ्या. लीद रोज उचला, जखम झाका, औषध डॉक्टरांच्याच हातून.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. पायावर माळेसारख्या गाठी उठून फुटतायत, नाकातून घट्ट शेंबूड येतोय, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या. घोडा वेगळा बांधा, उघड्या हातानं शिवू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात. हा रोग माणसाचाही जीव घेतो, म्हणून लपवू नका.

प्रश्न बाहेर घेऊ. मैदानात दोन घोड्या बांधल्यात. आपापला खरारा घेऊन या, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तो कसा धुवायचा ते तिथंच दाखवतो.