विस्टेरियाचं बोन्साय: बी राहू द्या, खोड शोधा

नमस्कार श्रोतेहो.

पाडवा तोंडावर आलाय आणि इथं न्यू जर्सीत अजून सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतोय. झाडांना पालवी नाही, फांद्यांवरचे डोळे, जिथून कोंब फुटतात ते, नुकते कुठे टपोरायला लागलेत. आज ज्या कामाबद्दल बोलायचंय, त्याला नेमके हेच दिवस लागतात. महिनाभर उशिरा सांगितलं तर वर्ष वाया जाईल. विषय आहे विस्टेरियाचं बोन्साय.

नाव माहीत नसलं तरी विस्टेरिया तुम्ही पाहिलेली आहे. एप्रिल संपता संपता हायवेच्या कडेच्या उंच झाडांवरून जांभळे घोस लोंबायला लागतात. ती फुलं त्या झाडांची नव्हेत. खालून वेल चढलेली असते, आणि बहुतेक वेळा ती त्या झाडाचा गळा आवळत असते. वाटाणा, गोकर्ण, करंज यांच्याच कुळातली ही वेल. चीन आणि जपानमधून एकोणिसाव्या शतकात ती शोभेसाठी इकडे आणली, आणि आता अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत ती उपद्रवी परदेशी वेल म्हणून बदनाम आहे. आपल्या दृष्टीनं मात्र ही बदनामी फायद्याची आहे. कशी, ते सांगतो.

बोन्साय म्हटलं की नवशिक्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते बियांची पुडी. ऑनलाइन दुकानात विस्टेरियाच्या 'बोन्साय बिया' म्हणून विकतात, वर वीतभर उंचीच्या, निळ्या फुलांनी लगडलेल्या झाडाचा फोटो. बोन्सायचं असं वेगळं बी नसतं. बी साधं विस्टेरियाचंच, आणि त्यापासून वाढवलेली वेल फुलावर यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. कधी त्याहून जास्त. शिवाय कुंडीत वाढवलेल्या विस्टेरियाचं खोड जाड होता होत नाही. म्हणजे दहा वर्षांनी तुमच्या हातात काय, तर बोटाएवढी काडी आणि पानं. मुलीच्या शाळाप्रवेशाला पेरलेल्या बीचं फूल बघायला ती कॉलेजातून सुट्टीवर यायची. हा खेळ मी कुणालाच सुचवणार नाही.

सुरुवात करायची ती खोडापासून. पूर्वी फुललेल्या, जुन्या, गाठाळ खोडापासून. आणि असं खोड इथं फुकट मिळतं, ते तिच्या बदनामीमुळेच. आमच्या मागच्या गल्लीत एका आजोबांच्या गॅरेजला विस्टेरियानं वेढा घातला होता. पत्र्याची पन्हळ वाकवून ती आत शिरलेली. बोन्साय करायला बुंधा द्याल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, मुळासकट न्या, वर कॉफी पाजतो. बुंधा मनगटापेक्षा जाड, दोन वेली एकमेकींना पीळ घालून एकजीव झालेल्या, सालीवर खोबणी. नर्सरीत असा बुंधा मागितला तर किंमत ऐकून आपण हात जोडून परत येऊ.

मिळवताना विचारायचा प्रश्न एकच: हिला फुलं येतात का? 'दरवर्षी येतात' असं उत्तर आलं की बाकी काही पाहू नका. नर्सरीतूनच घ्यायची असेल, तर फुलावर असतानाच घ्या, म्हणजे मेच्या सुरुवातीला. तिथली रोपं बहुधा कलमी असतात. कलमाचा फुगीर जोड बुडाशी कुठं आहे ते बोटानं चाचपून ठेवा. त्या जोडाखालून जे कोंब येतील ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचे, ते दिसताक्षणी खुडायचे. नाहीतर खुंट माजतो आणि कलम मरतं.

आता खणणं. पालवी फुटण्याआधी, जमीन मऊ झाली की लगेच. आधी वरचा पसारा करवतीनं उतरवा. बुंधा दीड-दोन फूट ठेवला तरी पुरे. जुन्या लाकडातूनही विस्टेरिया भराभर फुटते, त्यामुळे एकही फांदी उरली नाही म्हणून घाबरू नका. मुळं जाड, मांसल आणि लांबच लांब असतात. ती तोडावीच लागतात. पण तोडताना बारीक तंतुमुळं जेवढी वाचवता येतील तेवढी वाचवा, पाणी तीच पितात. मोठ्या कापांवर जखमा बुजवायचा लेप लावा. या वेलीचं लाकूड मऊ, मोठी जखम लवकर भरत नाही आणि पाणी मुरलं की कुजायला लागते.

हे मऊ खोड किती जपावं लागतं, याचा जपानमधला किस्सा ऐकण्यासारखा आहे. तोचिगी प्रांतात आशिकागा फ्लॉवर पार्क आहे. तिथली जुनी विस्टेरिया शंभराहून अधिक वर्षांची. तिच्या मांडवाचा पसारा हजार चौरस मीटरच्या आसपास. बाग हलवायची ठरली, तेव्हा एवढ्या मोठ्या विस्टेरियाला हात लावायला कुणी धजेना. कोनामी त्सुकामोतो या वृक्षवैद्य बाईंनी ते अंगावर घेतलं. दोर बांधून उचलावं तर साल चेपणार. म्हणून त्यांनी मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर खोडाला घातलं. १९९६ साली वेल नव्या जागी गेली आणि आजही फुलते. आपला बुंधा तेवढा थोर नसेल, पण गाडीच्या डिकीत ठेवताना त्याला जुन्या गोधडीत गुंडाळायला काय हरकत आहे? दोरीनं करकचून बांधू नका, एवढंच.

घरी आणल्यावर लगेच बोन्सायच्या सुबक कुंडीत घालायचा मोह होतो. तो आवरा. लाकडी खोका किंवा खोल टब घ्या, खाली भोकं पाडा, आणि प्युमिस म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगड, त्यासारखी भरड, निचऱ्याची खडी भरा. बुंधा हलणार नाही असा तारेनं पक्का करा, कारण हलला की नवी मुळं तुटतात. वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. खत नाही, छाटणी नाही. पहिलं वर्ष ती वेडीवाकडी वाढेल, वाढू द्या. जितकं पान वर, तितकं मूळ खाली.

दुसऱ्या वर्षापासून आकाराचं बघू. इथं विस्टेरियाचा स्वभाव इतर बोन्सायहून वेगळा आहे. पाइन किंवा मेपलची पानं कुंडीत लहान होतात, फांद्या बारीक विभागत जातात. विस्टेरियाचं संयुक्त पान लहान व्हायला तयार नसतं, आणि घोस तर मुळीच नाही. जपानी जातीचा घोस एक-दीड फूट सहज लोंबतो, काही वाणांचा तर मीटरभर. चिनी जातीचा साधारण वीतभर किंवा थोडा जास्त. त्यामुळे तळहातावर मावणारं विस्टेरिया बोन्साय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-अडीच फुटांचं झाड करा. खोड एका बाजूला झुकलेलं किंवा खाली झेपावणारं ठेवा. फांद्या मोजक्याच, एकमेकींपासून लांब, म्हणजे प्रत्येक घोसाला लोंबायला मोकळी हवा मिळते. घोस कुंडीच्या काठावर टेकून दुमडला तर सगळी शोभा गेली. कुंडी खोलच हवी. पाण्यासाठीही आणि तोल सांभाळायलाही.

तार घालायची ती जूनमधल्या कोवळ्या फांद्यांना, अ‍ॅल्युमिनियमची. जुनी फांदी वाकवायला गेलात तर टचकन मोडते. आणि तार घालून सुट्टीवर भारतात जाऊ नका. ही वेल इतकी झपाट्यानं भरते की महिन्याभरात तार सालीत रुतते.

आता फुलांचं. विस्टेरियाबद्दल मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात: पान भरपूर, फूल नाही. आपल्यात नाशिक-सांगलीकडची मंडळी आहेत, त्यांना हे एका वाक्यात कळेल. द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या असतात ना? एप्रिलची खरड छाटणी, त्यानंतर फुटलेल्या काडीत आतल्या आत घड तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर. विस्टेरियाचंही तसंच, महिने तेवढे वेगळे. पुढच्या मेचं फूल या वर्षीच्या उन्हाळ्यात डोळ्यात बसतं. म्हणून फुलं संपली की सुकलेले घोस देठासकट काढा, शेंग धरू देऊ नका. मग लांब शेपट्या सुटतील, त्यांना दोन महिने वाढू द्या. जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला त्या पाच-सहा पानांवर तोडा. पुन्हा फुटल्या तर पुन्हा आखूड करा. असं केलं की ताकद बुडाजवळच्या आखूड काड्यांमध्ये उतरते, आणि फुलं धरतात ती याच आखूड काड्यांवर. दुसरी छाटणी पानगळीनंतर, थंडी सरताना, दोन-तीन डोळ्यांवर.

या दुसऱ्या छाटणीला घाई नको. कात्री खाली ठेवा आणि काडी जवळ धरून बघा. काही डोळे बारीक, टोकदार, काडीला चिकटून बसलेले दिसतील. ते पानाचे. काही गोलसर, फुगीर, तपकिरी खवल्यांचे, काडीपासून जरा सुटलेले. ते फुलाचे. फेब्रुवारीत फरक नीट कळत नाही, मार्चमध्ये डोळे फुगायला लागले की शंका राहत नाही. फुगीर डोळ्याच्या वर कापायचं, खाली नाही.

फूल न येण्याचं दुसरं कारण म्हणजे नत्र. हे शेंगवर्गीय झाड आहे, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतःच बांधतं. त्यात आपण लॉनवर टाकून उरलेलं खत कुंडीत टाकलं की पानंच पानं. नत्र कमी, स्फुरद आणि पालाश जास्त, असं खत उन्हाळा उतरताना द्या. आणि ऊन! सहा तास तरी थेट ऊन हवंच. किचनच्या खिडकीत फुलेल का, असं विचारणाऱ्यांना उत्तर आहे, नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. जूनपासून ऑगस्टपर्यंत एक पसरट परात घ्या, तीत बोटभर पाणी ठेवा आणि कुंडी सरळ त्यात उभी करा. इतर बोन्सायला असं केलं तर मुळं कुजतील. विस्टेरिया संध्याकाळपर्यंत परात कोरडी करते. सप्टेंबरात परात काढून घ्या. थंडीत पाय ओले राहिले तर मग हिचीही मुळं कुजतात.

हिवाळ्यात ती घराबाहेरच राहिली पाहिजे. थंडीची झोप मिळाली नाही तर ती नीट फुलत नाही. पण जमिनीतलं मूळ जी थंडी सोसतं, ती कुंडीतल्या मुळाला सोसत नाही. म्हणून हीटर नसलेलं गॅरेज बरं, किंवा कुंडी काठापर्यंत पालापाचोळ्यात गाडून ठेवा. एप्रिलमध्ये डोळे फुगल्यावर रात्री हिमाचा इशारा आला तर तेवढ्या रात्री आत घ्या. फुगलेला फुलाचा डोळा एका रात्रीच्या हिमानं जळतो.

याच कारणानं पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मी विस्टेरिया सुचवत नाही. शिमला, मसुरीकडे ती छान वाढते, पण पुण्याची थंडी तिला झोपवायला पुरत नाही. वेल जगेल, फुलं बघायला मिळण्याची आशा धरू नये. तिकडे निळ्या घोसांची हौस असेल तर पेट्रिया लावा, आणि जाड खोडाचं फुलणारं बोन्सायच हवं असेल तर बोगनवेलीला तोड नाही.

इथं ज्यांना बुंधा खणायचा उपद्व्याप नको, त्यांच्यासाठी अमेरिकेची स्वतःची विस्टेरिया आहे, दक्षिणपूर्वेकडच्या राज्यांतली. तिचा 'अमेथिस्ट फॉल्स' नावाचा वाण नर्सरीत सहज मिळतो. लहानपणीच फुलतो, घोस आखूड, चार-सहा इंचांचे, म्हणजे कुंडीच्या मापाला बरे. सुगंध चिनीइतका नाही आणि खोड बारीकच राहतं. तरी पहिलं झाड म्हणून मी हेच देईन. हात बसल्यावर मग मोठ्या बुंध्याच्या मागे लागा. विस्टेरियाला झाडाचा आकार कसा देतात हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवूड गार्डन्सला चक्कर मारा. तिथं वेलींना आधार देऊन सुटं झाड करून उभं केलंय. बोन्सायसाठी ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन जवळ पडतं, त्यांचा संग्रह १९२५ सालापासूनचा आहे.

घरात लहान मुलं असतील त्यांनी एक लक्षात ठेवा. विस्टेरियाच्या शेंगा मखमली, हातात घ्याव्याशा वाटणाऱ्या, आणि आतलं बी विषारी. चार बिया पोटात गेल्या तरी उलट्या सुरू होतात. सुकलेली शेंग फटकन तडकून बी लांब उडवते. शेजाऱ्याच्या वेलीचं बी तुमच्या अंगणात पडलेलं असू शकतं, तेवढी नजर ठेवा.

आणि हो, या शनिवार-रविवारी कुदळ घेऊन निघणार असाल तर त्याआधीच, किमान तीन कामकाजाचे दिवस, ८११ या नंबरावर फोन करा. खणायच्या जागेखालून गॅसची किंवा विजेची लाइन जात असेल तर ते लोक येऊन फुकट खुणा करून जातात. विस्टेरियाची मुळं भिंतीच्या कडेनं धावतात, आणि बऱ्याचदा पाइपही तिथूनच गेलेला असतो.

नमस्कार.