जुन्या घड्याळाची तबकडी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळच्या बातम्या लागल्या की माझे वडील हातातलं घड्याळ काढायचे आणि चावी द्यायचे. किर्र, किर्र, किर्र. चावी घट्ट लागली की थांबायचे. घड्याळ होतं एचएमटी या सरकारी कंपनीचं, 'जनता' नावाचं. वडील गेल्यावर ते घड्याळ कपाटातल्या एका डब्यात जाऊन पडलं, ते थेट अकरा वर्षांनी मी बाहेर काढलं. दुरुस्तीला नेलं तर घड्याळवाले म्हणाले, "तबकडी डागाळलीय. रंगवून देतो, अगदी कोरं दिसेल." मी हो म्हणणारच होतो. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या एका मित्राने मला अडवलं, आणि त्यानंतर मीही त्या नादाला लागलो.

१९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं आपल्यापैकी अनेकांच्या घरात होती. नोकरी लागली की घड्याळ, लग्नात जावयाला घड्याळ. जनताच्या काही तबकड्यांवर तर नाव देवनागरीत छापलेलं असायचं, आणि ती दिसली की आजही माझा जीव हरखतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टायटनची बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली, ग्राहक तिकडे वळला, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

म्हणजे आता या जुन्या घड्याळांचे नवे सुटे भाग मिळणं अवघड. आहेत तीच घड्याळं सांभाळायची.

या घड्याळाच्या पोटात बॅटरी नाही. चावीने एक लांब स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना चाकं फिरवते. पण तिने एकदम उलगडू नये म्हणून पुढे एक छोटं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे हलत असतं. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकांवर टेकवलेले असतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, ती हीच माणकं.

आता तबकडीकडे येतो, कारण माझं खरं सांगणं तिच्याबद्दलच आहे. जगभरच्या घड्याळवेड्यांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे. जुन्या घड्याळाची तबकडी भडक निळी, केशरी नाहीतर हिरवी रंगवायची, कंपनीने कधीच न काढलेली नक्षी छापायची, काटे एका घड्याळाचे, बाहेरची धातूची केस दुसऱ्याची, आणि ते जुनं अस्सल म्हणून विकायचं. आपल्या शहराचं नाव या अर्थाने घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. त्या कारागिरांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. बंद पडलेलं यंत्र ते चालू करतात, हे मोठंच काम आहे. रंगवलेलं घड्याळ रंगवलेलं म्हणून विकलं तर माझी काही तक्रार नाही. अस्सल म्हणून विकणं ही मात्र फसवणूक आहे.

ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि अक्षरं बघा. कारखान्यातली छपाई बारीक, एकसारखी असते. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड होतात, फुगतात, सेकंदांच्या रेषा काठाशी तिरक्या जातात. साठ वर्षं जुनं घड्याळ आणि तबकडी मात्र आरशासारखी लख्ख, असं दिसलं की थांबावं.

माझ्या घड्याळाच्या तबकडीवर चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे. घामाचा असेल, पावसाच्या पाण्याचाही असेल. तो तसाच ठेवलाय. आतली साफसफाई करून, तेल घालून घेतलं, काच बदलली, पट्टा नवा लावला. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. सकाळी बातम्यांच्या वेळी मिळवून घेतो आणि चावी देतो.

तुमच्याही कपाटात असं एखादं असेल, तर त्याला लगेच चावी देत बसू नका. आतलं तेल वाळलेलं असतं, कोरडी चाकं झिजतात. आधी जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्या. आणि तबकडी बदलायचीच ठरली, तर जुनी तबकडी तिथे सोडून येऊ नका. मागून घ्या, कागदाच्या पुडीत बांधून घरी आणा.