पायाला कळलेला बांध

नमस्कार श्रोतेहो. कोर्टात हसायची सोय नसते. पट्टेवाला दाराशी उभा असतो, पंखा घरघरत असतो आणि कुणी फिस्सकन हसलं की शिरस्तेदार मान वर करून बघतात. तरीही तालुक्याच्या कोर्टात मी जेवढा हसलोय तेवढा लग्नाच्या पंगतीतही हसलेलो नाही. आणि हसवणारा बहुतेक वेळा वकील नसतो, साक्षीदार असतो. वकील तयारी करून येतो, साक्षीदार नुसता खरं बोलायला येतो, तिथेच गंमत होते.

आम्हा वकिलांचा एक शब्द आहे, ‘सुचवतो’. उलटतपासणीत, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारापुढे मांडावी लागते, म्हणून वकील म्हणतो, “मी आपणांस असे सुचवतो की...” आता साध्या माणसाच्या लेखी सुचवणं म्हणजे सल्ला देणं. एका हाणामारीच्या खटल्यात आमचे एक ज्येष्ठ वकील मोठ्या आवाजात म्हणाले, “मी असे सुचवतो की त्या दिवशी तुम्ही जत्रेला गेलाच नव्हता.” साक्षीदार हळहळून म्हणाला, “आधी सुचवायला पाहिजे होतं साहेब. मी जाऊन मार खाऊन आलो की!”

ही गंमत तुम्हाला कोर्टाच्या कागदात मात्र सापडणार नाही. जबानी लिहिताना शक्यतो प्रश्न लिहीत नाहीत, उत्तरच तेवढं सलग लिहितात. कागदावर उरतं काय, तर “मी जत्रेला गेलो नव्हतो हे म्हणणे खरे नाही.” झालं! हळहळ गेली, हसू गेलं. आणि सिनेमात दाखवतात तो लाकडी हातोडा, तोही नसतो बरं का. आपल्या कोर्टात तसला हातोडा मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. सिनेमावाल्यांनी एकदा येऊन मागच्या बाकावर बसावं, चहा मी पाजतो.

तर माझी गोष्ट. साल २०००. दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूने दिलेली पहिली साक्ष, कागदावर प्रतिज्ञापत्र करून द्यायची पद्धत आली ती २००२मध्ये. त्याआधी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सगळं तोंडी सांगायचा. मला विचाराल तर निम्मी रया तिथेच गेली. आता शेतकरी असो की सोनार, सगळ्यांची भाषा टायपिस्टची.

दावा बांध कोरल्याचा, म्हणजे दोन शेतांमधला बांध नांगरून आपल्या रानात घेतल्याचा. मी प्रतिवादीतर्फे, म्हणजे ज्याने बांध कोरला असा आरोप होता त्याच्या बाजूने. आमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, आम्ही छातीठोक लिहून दिलेलं, की आम्ही बांधापासून चांगली दोन हात जागा सोडूनच पेरतो. दोन हात, लक्षात ठेवा. समोरच्यांनी साक्षीला आणली पलीकडच्या रानातली एक आजी. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. ईश्वरसाक्ष शपथ घेतली आणि सांगून मोकळी झाली, “ह्यानंच बांध कोरला.”

मी उठलो. मला कुणीतरी माहिती दिली होती की आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

“आजी, मोतीबिंदू काढलाय ना?”

“काढलाय. दोन्ही डोळ्यांचा.”

“कधी?”

“औंदा, संक्रांतीनंतर.”

“म्हणजे बांध कोरला म्हणता, तेव्हा तुम्हाला नीट दिसत नव्हतं?”

“न्हाई. समदं धुरकट.”

“मग बांध कोरताना तुम्ही पाहिलं नाही?”

“न्हाई बघितलं.”

श्रोतेहो, इथे बसायचं असतं. आमचे गुरुजी रोज सांगायचे, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. माहीत नाही, विचारायचा नाही! खाली बसायचं. पण मी तरुण, अंगावर नवा काळा कोट. मी वळून अशिलाकडे बघितलं, तो खूश. आणि मी विचारलं, “मग बांध कोरला हे तुम्ही कशावरून सांगता?”

आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मला भाकरी कशी खातात ते माहीत नाही.

“बघाया कशाला पाहिजे? चाळीस वर्सं त्याच बांधावरनं भाकरीची पाटी डोक्यावर घिऊन जातीया. डोक्यावर पाटी आसली की खाली बघता येतंय व्हय? पायाला कळतंय. पयलं समोरनं बाई आली तर दोघी बाजूबाजूनं जायचो. आता एकीला पिकात उतरावं लागतंय. आन् उतरलं की तुमचा ह्यो माणूस बोंबलतोय, माझा हरभरा तुडवला म्हणून!”

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. माझाच अशील.

“मग तुडवलाच की हिनं! बांधाला लागून अख्खी ओळ होती माझी!”

बांधाला लागून. दोन हात सोडून नव्हे, लागून. कोर्टात अशी शांतता, की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वकीलसाहेब, आपल्या अशिलांना बसायला सांगा. हवं तर आपणही बसा.” मग ते टायपिस्टला सांगायला लागले, “बांध कोरताना मी पाहिले नाही. बांध अरुंद झाल्याचे मला पायाने कळले.” टायपिस्टची बोटं मशीनवर थांबली.

“साहेब, पायाने?”

“पायानेच.”

आणि टकटक टकटक, ते वाक्य कागदावर गेलं. प्रश्न गेला नाही तेवढं बरं, नाहीतर माझा मूर्खपणा अपिलातही वाचला गेला असता.

दुपारी कडुलिंबाखाली मी चहा पीत उभा होतो, मान खाली घालून. आजी पिशवी सावरत आल्या. वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. तर माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “लई ब्येस इचारलंस बग लेकरा. आमच्या वकिलानं ह्ये इचारलंच न्हवतं.”