रात्री दाराबाहेर, सकाळी हातात

नमस्कार श्रोतेहो.

मी वेंगुर्ल्याकडचा. अठरा वर्षं बोटीवर काढली. आमच्याकडे ‘बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. गोव्यात तर अशा माणसाला तारवटी म्हटलं की विषय संपला. पण मी इंजिनातही नव्हतो आणि डेकवरही नव्हतो. मी केबिन स्टुअर्ड. प्रवाशांच्या खोल्या साफ करायच्या, बिछाने घालायचे आणि रात्री पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून ठेवायचं. बहुतेक नोकरी फ्लोरिडात झाली. मायामीहून बोट सुटायची, बहामा, मेक्सिको असं फिरून सात रात्रींनी परत मायामीला लागायची.

आता गावी आल्यापासून दर मे महिन्यात कोणी ना कोणी घरी येतं. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असते, आईवडिलांना सहा महिने बोलावलेलं असतं आणि मध्ये एक क्रूझ काढलेली असते. “काय काय घेऊन जाऊ रे?” हा पहिला प्रश्न. उतरायच्या दिवशी काय करायचं, हे मात्र आजवर एकानंही विचारलं नाही. आणि मी लोकांना रडताना पाहिलंय ते त्याच सकाळी.

त्या सकाळी काय चाललेलं असतं, ते आधी सांगतो. बोट पहाटे पाच-साडेपाचला धक्क्याला लागते आणि त्याच दिवशी संध्याकाळी चार-साडेचारला नवे प्रवासी घेऊन पुन्हा सुटते. मधल्या वेळात जुने सगळे उतरायचे, सगळ्या खोल्या धुऊनपुसून तयार व्हायच्या, आठवड्याचा भाजीपाला, अंडी, दूध चढायचं आणि नवे लोक आत यायचे. माझ्या बोटीवर प्रवासी तीन हजारांच्या आसपास असत. आता त्याहून कितीतरी मोठ्या बोटी आल्यात. २०२४ मध्ये मायामीहून ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुरू झाली, ती पूर्ण भरली तर प्रवासीच सात हजारांच्या वर आणि कामगार तेवीसशेच्या पुढे. म्हणजे एक अख्खं गाव सकाळी रिकामं करायचं आणि दुपारी पुन्हा वसवायचं.

त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी तुमच्या खोलीत कागदी पट्ट्या येतात. रंगाच्या असतात, नाहीतर आकड्यांच्या. बॅगेच्या मुठीला एकेक बांधायची आणि बॅगा रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. वेळ बोटीगणिक बदलते, ती पट्टीसोबतच्या कागदावर लिहिलेली असते. त्यानंतर बॅग तुम्हाला दिसते ती दुसऱ्या दिवशी खाली टर्मिनलच्या हॉलमध्ये, तुमच्या रंगाच्या ढिगात. मध्ये रात्रभर ती कुठं असते? आम्ही त्या ढकलगाडीवर घालून कामगारांच्या लिफ्टनं खाली न्यायचो. बोटीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक लांबच लांब बोळ असतो. प्रवाशांना तो कधी दिसत नाही. अमेरिकेकडच्या बोटींवर कामगार त्याला आय-नाइंटीफाइव्ह म्हणतात, मायामीतून उत्तरेला जाणाऱ्या महामार्गाचं नाव. त्या रात्री तिथं चार-साडेचार हजार बॅगा असायच्या. त्या रंगाप्रमाणे लोखंडी पिंजऱ्यांत लावायच्या, आणि सकाळी बंदराचे लोक फोर्कलिफ्टनं पिंजरेच्या पिंजरे उचलून बाहेर नेणार. आता सांगा, या प्रवासात तुमची कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी टिकेल? विमानात टिकली म्हणून इथं टिकेलच असं नाही.

येताना लावलेली जुनी पट्टी आणि विमानाची चिकटपट्टी आधी काढून टाका. एका बॅगेवर तीन पट्ट्या दिसल्या की रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत असलेला पोरगा भलत्याच पिंजऱ्यात टाकतो. मीही टाकलेल्या आहेत. आणि ओळखीसाठी रिबन बांधाच, पण जरा डोकं चालवून. एकदा आपल्याकडच्या एका पन्नास जणांच्या ग्रुपनं पन्नासही काळ्या बॅगांना एकच भगवी रिबन बांधली होती. खाली हॉलमध्ये जी झुंबड झाली, ती बघायला बंदराचे हमालसुद्धा थांबले होते.

पण खरी गोष्ट बॅगेत काय जातं ही नव्हेच. बॅगेत काय जाता कामा नये, ही आहे.

एक अमेरिकन आजोबा होते. शिस्तीचा माणूस. रात्री साडेनऊलाच बॅगा बाहेर, सगळ्या घड्या व्यवस्थित. सकाळी साडेसहाला मला फोन: जरा खोलीत ये. गेलो तर हे पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात आणि पायात खोलीतले कागदी सपाता. उरलेल्या सगळ्या पँटी आणि बूट बॅगेत. बॅगा तोवर धक्क्यावर. शेवटी धोबीखान्यातून भटारखान्याची एक चौकड्याची पँट आणून दिली. ती घालून आजोबा ताठ मानेनं उतरले आणि पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. हा प्रकार वर्षातून चार-पाच वेळा तरी व्हायचा. हसू नका, कारण उद्याचे कपडे बाहेर काढून ठेवायला विसरणं फार सोपं असतं. रात्रीच्या जेवणाचे चांगले कपडे अंगावर असतात, ते उतरवून घाईघाईत बॅगेत जातात आणि चेन लागते.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांची, आणि तिला हसता यायचं नाही. पुण्याकडचे काका-काकू होते. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा, पण मधेच पासपोर्टची मुदत संपलेली. असं पुष्कळांचं असतं. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये चालू असतो, म्हणून दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावे लागतात. काकांनी नवा पासपोर्ट खिशात ठेवला आणि जुना, ‘रद्द’चा शिक्का असलेला, काकूंनी साड्यांच्या खाली बॅगेत. रद्द झालेला कागद खिशात कशाला, हा त्यांचा हिशेब. बहामाला जाऊन आलं म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असतो, हे लक्षातच नाही. नशीब, त्या टर्मिनलवर आधी बॅगा आणि मग अधिकारी अशी रचना होती. पण पट्टी फाटली होती म्हणून बॅग भलत्याच रंगात. दोन तासांनी सापडली. काकू त्या थंडगार हॉलमध्ये एका खुर्चीवर बसून होत्या आणि त्यांची रक्तदाबाची गोळी त्याच बॅगेत होती.

तेव्हा हाताशी ठेवायच्या पिशवीत दोन्ही पासपोर्ट, औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, दागिने, चार्जर, घराच्या चाव्या आणि सकाळचे कपडे. इन्शुलिन असेल तर तेही. खोलीचं कार्ड तर खिशातच, कारण उतरताना दारावर ते दाखवून यंत्रात ‘टिंग’ वाजल्याशिवाय बोट तुम्हाला सोडत नाही. आणि खोलीतली ती छोटी तिजोरी रात्रीच उघडून रिकामी करा. गोरे लोक त्यात पासपोर्टसोबत एक बूट ठेवतात, म्हणजे बूट शोधताना तिजोरी आठवते. हे मी एका काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पासपोर्ट आणि मंगळसूत्राशेजारी चप्पल? काहीतरीच!” बरं, मग चष्म्याचं घर ठेवा.

माझी आजी मुंबईहून गावी यायची ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं. आमच्या किनाऱ्यावर बोट थेट लागायची नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, वळकट्या सगळं हलत्या पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवायचं. आजी म्हणायची, काखेतली पिशवी आपली, बाकीचं खलाशांचं. पिशवीत पैसे, औषधाची पुडी आणि एक लुगडं. मायामीच्या धक्क्यावर मला तिची आठवण हटकून यायची.

ज्यांच्या बॅगा हलक्या आहेत आणि ज्यांना स्वतः ओढता येतात, त्यांना दुसराही रस्ता असतो. दाराबाहेर काही ठेवायचंच नाही, सकाळी सगळं घेऊन पहिल्या लोकांत चालत उतरायचं. तरुणांना उत्तम. पण लिफ्टला त्या वेळी तोबा गर्दी असते आणि जिन्यानं तेवीस किलोची बॅग उतरवणं म्हणजे कंबरेचं काम. मी सत्तरीच्या माणसाला तरी हे सांगणार नाही. चाकाची खुर्ची हवी असेल तर आदल्या दिवशीच नाव नोंदवा. सकाळी मागितलीत तर मिळेल, पण तासभर बसावं लागेल.

आता न्याहारी. हा माझ्या आवडीचा विषय, कारण इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात.

पहिलं म्हणजे खोलीत चहा-नाश्ता मागवायची सवय लागलेली असते. शेवटच्या सकाळी बहुतेक बोटींवर ती सोय बंद असते. असली तर कॉफी आणि पावापुरती. दुसरं, सगळे धावतात वरच्या लिडो डेकवरच्या, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या मजल्यावरच्या, बुफेकडे. तीन हजार माणसं, प्रत्येकाकडे हातातली पिशवी आणि प्रत्येक पिशवीला स्वतंत्र खुर्ची. ऑम्लेटच्या रांगेत वीस मिनिटं. ताट घेऊन फिरणारी माणसं मी बघितलीयत, लग्नाच्या पंगतीत उशिरा आल्यासारखी, कोण उठतंय यावर नजर ठेवून. आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरचं मोठं जेवणघर निम्मं रिकामं असतं! तिथं बसा. पदार्थ कमी असतात त्या दिवशी, पण टेबलावर चादर असते आणि वेटर गरम कॉफी आणून ओततो. फक्त तेही आठ-साडेआठला बंद होतं, म्हणून सातला जाऊन बसायचं. शाकाहाऱ्यांनी आदल्या रात्रीच आपल्या वेटरला सांगून ठेवावं. भटारखान्यात आपला एखादा गोवेकर असतोच. त्या सकाळी तो पोहे करून देईल असं मात्र समजू नका. त्याला त्या दिवशी मान वर करायला वेळ नसतो.

पोटभर खा. उतरणं, बॅग शोधणं, अधिकारी, मग गाडी, यात तीन तास सहज जातात आणि मधे खायला काही मिळेलच असं नाही. मधुमेह असेल तर हे लक्षात ठेवाच. पण पर्समध्ये केळं टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो. आपल्या बायकांना वाया जाणारं फळ बघवत नाही, मला कळतं. पण अमेरिकेत ताजी फळं, मांस, बिया असलं काही न सांगता बाहेर नेलं, तर एका सफरचंदापायी शेकडो डॉलरचा दंड होऊ शकतो. त्या कामाला शिकवलेले बीगल जातीचे कुत्रे असतात. गोड दिसतात, लाडानं जवळ येऊन पिशवीशेजारी बसतात, आणि त्याचा अर्थ लाड नसतो. बिस्किटांचा बंद पुडा चालतो. तोच ठेवा, आणि कोणी विचारलं तर आहे म्हणून सांगा.

बिलाचं एकच सांगतो. आदल्या रात्रीच बघून घ्या, फोनवर दिसतं नाहीतर टीव्हीवर. बक्षिशीची रक्कम बहुतेक बोटी रोजच्या रोज माणशी लावतात, साधारण सोळा ते वीस डॉलर. सात दिवसांचा आकडा सकाळी बघून लोक दचकतात आणि काउंटरपुढे रांग लावतात. त्या रांगेत न्याहारी जाते.

विमानाचं तिकीट दुपारी बारानंतरचंच काढा. मुलं सांगतात, बोट साडेपाचला लागते, नऊचं विमान मिळेल. लागते साडेपाचला हे खरं, पण अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय शिडीवरून कोणी उतरत नाही, आणि त्यांचं घड्याळ त्यांच्याकडे.

आठ वाजता खोली सोडायची म्हणजे सोडायची. लोकांना वाईट वाटतं. आठवडाभर ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा पोरगा आज चादरी ओढून काढतोय, नजर देत नाही. त्याच्याकडे पंधरा-वीस खोल्या असतात आणि दुपारी एकच्या सुमारास त्यात दुसरी माणसं यायची असतात. त्याला जे पाकीट द्यायचं असेल ते आदल्या संध्याकाळी द्या. त्या वेळी तो दोन शब्द बोलेल तरी.

अमेरिकेच्या बंदरात एक नियम आहे. जुना शेवटचा प्रवासी उतरून बोटीवरची मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्यांना आत घेत नाहीत. मग साडेनऊनंतर कर्ण्यावरून नावं पुकारायला लागतात. एकदा दोघेजण राहिले होते. तीनदा पुकारा झाला, चारदा झाला. मला मागच्या डेकवर पाठवलं. तिथं एक म्हातारा-म्हातारी कठड्याशी खुर्च्या लावून बसलेली, बुफे बंद व्हायच्या आधी आणलेले टोस्ट मांडीवर. दोघांनाही कमी ऐकू यायचं. मी खुणेनं घड्याळ दाखवलं. म्हाताऱ्यानं बायकोच्या ताटलीतल्या उरलेल्या टोस्टकडे बोट केलं. मी मान हलवली आणि उभा राहिलो. तिनं तो सावकाश, कडा सोडून, संपवला.

मागाहून साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

नमस्कार.