आदिपाप आणि मचूळ झालेली विहीर

श्रोतेहो, नमस्कार.

मध्यंतरी आमच्या वसईच्या वाडीत एका बाळाचा बाप्तिस्मा होता. फादरांनी कपाळावर पाणी ओतलं आणि पोर कळवळून रडलं. मांडवात एक शेजारीण बाळाच्या आजीला म्हणाली, "अगं, यानं अजून पाळणा सोडला नाही. मग याचं कसलं पाप धुतलंत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पाप म्हटलं की आपल्याला केलेलं कृत्य आठवतं, नाहीतर मागच्या जन्मीचं संचित. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्मच नाही, तेव्हा बाळाच्या नावावर जुनी बाकी असायचं कारण नाही. मग बाप्तिस्म्यात धुतलं जातं ते आदिपाप म्हणजे काय?

आमच्या वाडीतली विहीर सांगते. माझ्या लहानपणी तिचं पाणी गोडं होतं. पुढे आसपासची बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी छोटी तळी, बुजली, पंप रात्रंदिवस चालले, टँकरच्या टँकर भरून गेले. गोडं पाणी खाली गेलं तसं खारं पाणी आत शिरलं. आता त्या पाण्यात डाळ शिजत नाही, पानवेलीच्या पानांच्या कडा करपतात. त्या बाळानं एकही बावखल बुजवलेलं नाही. तरी त्याच्या वाट्याला आलं ते हेच पाणी.

1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात हेच आहे: आदिपाप ही वाट्याला आलेली अवस्था आहे, आपण केलेलं कृत्य नव्हे. बाप्तिस्म्यानं ते धुतलं जातं, पण मनाचा वाईटाकडचा ओढा उरतोच.

याची मूळ गोष्ट बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे: पहिली माणसं, आदाम आणि हव्वा, देवानं मना केलेलं फळ खातात. तिथे सफरचंदाचं नावही नाही, नुसतं फळ आहे. मला त्या फळापेक्षा पुढचं बोलणं जास्त झोंबतं. देव विचारतो, तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, वर 'ही तूच मला दिलीस' म्हणून देवालाही सुनावतो. हव्वा सापाकडे बोट दाखवते. 'मी चुकलो' असं कोणीच म्हणत नाही. विहीर कोणी आटवली म्हणून विचारा, आमच्या वाडीतही असंच होतं.

या शिकवणीला घट्ट रूप दिलं उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टिननं. तो 430 साली वारला. त्यानं आदामाचा दोषही बाळाच्या माथी आहे असं मानलं, आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांविषयी फार कठोर लिहिलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं आदामाकडून मरण आलं असं मानलं, दोष आला असं नाही. मी कॅथलिक आहे, ऑगस्टिनला फार मानतो, पण इथे माझं मन त्याच्याबरोबर जात नाही.

त्याला कारण आमच्या घरातलं आहे. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. ती दुसऱ्याच दिवशी गेली, बाप्तिस्म्याआधी. तिला स्वर्ग नाही, असं तेव्हा कोणीतरी आईला सांगितलं. आई त्यावर कधी बोलली नाही, पण मृतांच्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, एक मेणबत्ती जास्त लावायची.

2007 साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाचा एक दस्तऐवज पोपच्या संमतीनं प्रसिद्ध झाला. अशी बाळं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याची बातमी मी आईला वाचून दाखवली. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "परत वाच. सावकाश वाच."